जखमींच्या रांगेत

विमलबाई पगारेशी भांडण उकरून काढायचं धाडस नाशिकच्या त्या फायर ब्रिगेडच्या क्वार्टर्समध्ये सहसा कुणी करत नाही. बंबांच्या शेडमागे दोन पिवळ्या इमारती, मधे अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ आणि ओले पाइप वाळत घालायचा उंच मनोरा. इथं पाण्यावरून वाजलं किंवा कुणाच्या कार्ट्यानं कुणाची काच फोडली की प्रकरण विमलबाईच्या दारात जातं, तिथं निकाल लागतो आणि हरलेला माणूसदेखील तिच्याकडचा चहा पिऊनच बाहेर पडतो. पण एवढ्यासाठी तिच्याबद्दल लिहायचं काही कारण नव्हतं. तोंडाळ बायका कुठल्याही आळीत पैशाला पासरी मिळतात. सांगण्यासारखं वेगळंच आहे. नवरा झोपत नाही, पोरांवर उगाच धावून जातो, ताटावरून उठतो, असं काही घरात सुरू झालं की इथली बाई आज भर दुपारी, सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडून विमलबाईकडे जाते. पदराआड तोंड लपवत नाही. हे आपोआप घडलेलं नाही. त्यासाठी विमलबाईनं सात-आठ महिने अख्ख्या क्वार्टर्सला अंगावर घेतलं होतं.

विमल मूळची सिन्नरकडची. लग्न होऊन आली तेव्हा भिमाजी नवा फायरमन होता, दोर कमरेला बांधून विहिरीत उतरण्यात सगळ्यांत पुढे. पहिल्याच आठवड्यात तिला समोरच्या कुसाबाईनं बोलावून घेतलं. कुसाबाई म्हणजे बंबाच्या ड्रायव्हरची बायको. क्वार्टर्समधल्या सगळ्या सुनांची ती न नेमलेली सासू होती. तिनं नव्या नवरीला तिथली रीत सांगितली.

"घंटा झाली की गेटाकडं पळायचं नाय. माणूस परत आला की दाराबाहेर बादली भरून ठेवायची, लिंबाचा पाला टाकून. आन काय बघितलं ते विचारायचं नाय. मेलं तरी नाय. आपण विचारलं की त्यांना ते परत बघावं लागतं."

रीत मायेतूनच आली होती, यात शंका नाही. विमलनं ती पाळली. मेथीच्या जुडीवरून भाजीवालीचा घाम काढणारी ही बाई नवऱ्याची बादली भरताना मात्र मुकी व्हायची. आग, विहीर, पुराचं पाणी, जे काय असेल ते भिमाजी पाल्याच्या पाण्यानं धुऊन आत यायचा आणि भाकरी खायचा. वर्षं अशीच गेली. मुलगी झाली, साक्षी. कुसाबाईचा नवरा दारूनं गेला, त्याच्या जागी तिच्या मुलाला नोकरी लागली, म्हणून ती त्याच खोलीत राहिली.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात शहराबाहेर वऱ्हाडाचा टेम्पो कालव्यात गेला. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. भिमाजी खाली उतरला. टेम्पो क्रेननं उचलताना तो फिरला आणि काठावरच्या गोटीराम फायरमनचा पाय त्याखाली चेचला. गोटीराम मखमलाबादकडच्या मळेवाल्यांच्या घरातला, धिप्पाड गडी. तो दवाखान्यात पडला तर भेटायला ही रीघ लागली. मोसंबी, शहाळी, अधिकाऱ्यांचे हारतुरे. विमलनंही त्याच्यासाठी डबे पोचवले. तिचा स्वतःचा माणूस पाल्याच्या पाण्यानं अंघोळ करून धडधाकट घरी आला होता, त्याला कोण भेटायला येणार? तीही त्याला काही विचारायला गेली नाही. रीतच होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. साक्षी तिसरीत गेली होती. शाळेला जायचं तर मोठा रस्ता ओलांडावा लागे, आणि ड्युटी कुठलीही असो, भिमाजी तिचा हात धरून तिला पलीकडे पोचवायचा. आता तो तिच्या शेजारून दोन्ही हात पँटच्या खिशात घालून चालायला लागला. पोरगी हात पुढे करायची आणि हा म्हणायचा, "मोठी झालीस ना? माझ्या बरोबरीनं चाल." एकदा ट्रक अगदी जवळून गेला, तरी हात बाहेर आला नाही. विमलनं त्या दिवशी त्याला असा फैलावर घेतला की वरच्या मजल्यावरची पोरं जिन्यात येऊन ऐकत बसली. घरात तो बोलतच नव्हता. विमलला आधी वाटलं आळस, मग वाटलं पिणं, आणि चार दिवस तर बाहेर कुणीतरी असेल अशीही शंका तिनं घेतली. ते ती आता हसत सांगते. त्या वेळी तिनं त्याच्या शर्टांचे वास घेतले होते.

गणपती उठले आणि दोन-चार दिवसांनी सकाळी घंटा झाली. कॉल अगदीच फुटकळ होता. भंगारवाल्याच्या दुकानाबाहेर कचरा पेटला होता. सगळे बंबावर चढले. भिमाजीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि तो तसाच राहिला. वरून हाका मारल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. शेवटी बंब त्याला खाली सोडून गेला. तो रिकाम्या शेडमध्ये बुटांसकट जमिनीवर बसला.

या कामात उशीर माफ होतो, शिवीगाळ माफ होते. बंब निघताना खाली राहिलेला माणूस माफ होत नाही. संध्याकाळपर्यंत भिमाजीचं नाव 'भित्रा' पडलं. त्याच्याबरोबर जेवलेली माणसं त्याला पाहून रस्ता बदलायला लागली. काहींनी ते जातीवर नेलं. "यांच्यात दम तो काय असणार," हे वाक्य विमलनं नळावर स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि एका सकाळी तिनं दार उघडलं तर कडीला कागदाची पुडी टांगलेली. आत हिरव्या बांगड्या.

भिमाजी आत चहा पीत होता. त्यानं पुडी पाहिली आणि कप खाली ठेवला. दुसरी एखादी बाई असती तर तिनं दार लावून रडून घेतलं असतं. विमलनं तिथंच उंबऱ्यावर बसून बांगड्या हातांत भरल्या, जरा घट्ट होत्या तरी साबण लावून भरल्या, आणि घागर घेऊन नळावर गेली. नळावर तोबा गर्दी होती. तिनं दोन्ही हात वर करून वाजवले.

"बांगड्या ज्यानं पाठवल्या त्याला निरोप सांगा. माप थोडं चुकलं, पण रंग चांगला हाय. आणि ह्याच बांगड्यांच्या हातांनी त्याचं थोबाड लाल करायचंय, तेव्हा त्यानं आपण होऊन पुढं यावं. मला घरोघर हिंडायला लावू नये."

कुणी पुढे आलं नाही. पुरुष तर सगळे दात घासण्यात एकदम गढून गेले.

घागर भरून ती घरी आली, साक्षीला शाळेत पोचवलं, दार ओढून घेतलं आणि भिमाजीसमोर बसली. रीत मोडायला तिला एवढी वर्षं लागली होती. ती म्हणाली, "कालव्यात काय झालं?"

तो म्हणाला, काही नाही. तिनं परत विचारलं. तो उठायला लागला तर तिनं त्याचं मनगट धरलं. मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक, भिंतीकडे बघत. पाण्यात उतरलेला माणूस दोराला दोन झटके देतो, की वरचे त्याला खेचून घेतात, ही त्यांची कामाची पद्धत. टेम्पोच्या मागच्या बाजूला एक पोरगी अडकली होती, साक्षीएवढी. तिचा हात त्याच्या हातात आला. तळव्यावर मेंदी होती, अंगाला चिखल, सगळं बुळबुळीत. त्याला वाटलं, आली हातात. त्यानं झटके दिले. दोर वर खेचला गेला आणि हात सुटला. परत बुडी मारून तिला वर आणली तोवर उशीर झाला होता.

"इशारा मीच दिला, विमल. अजून नीट धरलीही नव्हती."

यावर तुमची काय चूक, देवाची मर्जी, असलं काही बोलायची पद्धत आहे. विमलच्या तोंडून तसं काही निघालं नाही. तिला राग आला.

"एवढं पोटात घेऊन तुम्ही मे महिन्यापासून बंबावर चढत होता? घंटा झाली की पळत होता? आणि हे लोक तुम्हाला भित्रा म्हणतात? आणि मी बादली भरत बसले!"

त्या दिवसापासून तिनं एकच हट्ट धरला. भिमाजीला भित्रा म्हणायचं नाही, जखमी म्हणायचं. गोटीराम जखमी, तसा हाही जखमी. क्वार्टर्सनंही तसंच म्हणायचं आणि साहेबांनीही. खोली जाते की राहते ही काळजी होतीच, पण हा शब्द मिळाल्याशिवाय खोली राहिली तरी तिला त्या खोलीत मान वर करून राहता येणार नव्हतं. साक्षीला शाळेत 'भित्र्याची पोर' म्हणून चिडवायला सुरुवात झाली होती.

ती थेट केंद्राच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. साहेब तसे भले गृहस्थ. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"वहिनी, चौकशी लागायच्या आत त्यांनी राजीनामा दिला तर बरं. अब्रू तरी राहील."

"अब्रू गेलीय कुठं? ते जखमी हायेत."

"अंगावर ओरखडा नाही. मी जखमी कसं म्हणू? गोटीरामचा पाय मोडलाय, एक्स-रे आहे त्याचा."

"ह्यांच्या जखमेचा एक्स-रे काढायचं मशीन तुमच्याकडं नसंल, तर तो ह्यांचा गुन्हा हाय का, साहेब?"

तूर्त भिमाजीला टेलिफोनच्या टेबलावर बसवतो, एवढं साहेबांनी कबूल केलं. चौकशीचं पुढं बघू म्हणाले.

मग दवाखाना. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसत, आणि त्या दाराशी उभं राहिलेला माणूस वेडा, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. निघताना कुसाबाई आडवी आली. "मागल्या गेटानं ने गं बाई. पोरीचं लगीन व्हायचंय पुढं." विमलनं रिक्षा पुढच्या गेटात, बंबांच्या समोर बोलावली, आणि रिक्षावाल्याला कुठं जायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो बसला. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, ही कामावर झालेली जखम आहे, बरी होते, वेळ लागेल. गोळ्या घ्या आणि घरात बोलत राहा.

"जखम म्हणालात ना?" विमल म्हणाली. "जरा मोठ्यानं म्हणा. ह्यांना नीट ऐकू येऊ द्या."

डॉक्टरांनी परत म्हटलं. भिमाजी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

पण घरच्या घरी शब्द उच्चारून काय होणार? विमल गोटीरामच्या घरी गेली. तोवर त्याचा पाय जुळून आला होता, काठी घेऊन तो फिरायचा. साहेब त्याचं ऐकतील असा तिचा हिशेब होता. तो घरी नव्हता. त्याची बायको मंगलाबाई दारातच म्हणाली, बरं चाललंय आमचं. विमल हलली नाही. तिनं तिला काहीच सांगितलं नाही, मदतही मागितली नाही. तिनं फक्त विचारलं, "गोटीभाऊ झोपतात का?"

मंगलाबाईनं दार आतून लावून घेतलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या रडायला लागली. घरात मिक्सर लावायची सोय उरली नव्हती. आवाज झाला की गोटीराम क्रेन, क्रेन म्हणून ओरडत धावून यायचा. धाकट्या पोराला त्यात एकदा लागलं होतं. आणि झोपेत त्याचे हात सारखे काहीतरी ओढत असायचे.

"दोर ह्यांच्या हातात होता, वहिनी. भाऊंनी झटके दिले आन ह्यांनी खेचलं. पाय बरा झाला म्हणून सगळे पेढे मागतात. कुणाला सांगू?"

विमलनं हे घरी येऊन भिमाजीला सांगितलं. तो चप्पल घालून तसाच गोटीरामच्या दारात गेला. दोघं पायरीवर बसून राहिले. काय बोलले ते कुणाला माहीत नाही, आणि बहुतेक फारसं काही बोललेही नसतील.

हिवाळ्यात मग दुपारी मनोऱ्याखाली बायका बसायला लागल्या. आधी विमल आणि मंगलाबाई दोघीच, भाजी निवडायच्या निमित्तानं. मग पेठकडच्या मंगळू फायरमनची कोवळी बायको आली, तिचा नवरा जळका वास येतो म्हणून घरातलं जेवणच टाकायचा. हळूहळू भाजीचं निमित्तही गळून पडलं. विमलनं तिथं एक गोष्ट रेटून सांगितली. बादली भरा, पाला टाका, तो जेवला की विचारा. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी विचारा. ज्याचं दुखणं वाढलेलं असेल त्याला दवाखान्यात न्यायला ती स्वतः बरोबर जायची, आणि जायचं पुढच्याच गेटानं. काही नवऱ्यांनी बायकांना तिथं बसायची बंदी केली. एकानं तर विमलच्या अंगावर येऊन, "आमची घरं फोडू नका," म्हणून तमाशा केला. "फुटलेलीच हायेत, भाऊ," ती म्हणाली. "मी नुसती फट दाखवतेय." त्याची बायको पुढच्या आठवड्यात आली.

कुसाबाई मात्र तिच्या गॅलरीतून करवादायची. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्ही काय भोगलं नाही का, माणसाची अब्रू अशी अंगणात वाळत घालतात का. बाकीच्या उलट बोलत. विमल तिला उलट बोलायची नाही. विमलला आत घेऊन इथली रीत मायेनं सांगणारी तीच होती.

चौदा एप्रिल आला. पगाऱ्यांच्या घरी तो दुहेरी दिवस. जयंती तर होतीच, आणि अग्निशमन सेवेचा दिवसही तोच. सकाळी केंद्रावर परेड, पाहुणे, आणि कामावर जखमी झालेल्यांचा सत्कार. जखमींसाठी पुढे वेगळी रांग, साहेब माइकवर एकेकाचं नाव घेत, 'जखमी जवान' असं आधी म्हणून. विमलनं महिनाभर आधीच साहेबांना सांगून ठेवलं होतं. साहेब 'बघू' म्हणाले होते. बघू म्हणजे नाही, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

तिनं पहाटे गणवेशाला इस्त्री केली. भिमाजी म्हणाला, "नको, विमल. लोक हसतील."

"हसू द्या. दात तरी दिसतील कोणाचे किती किडलेत ते." मग ती खाली बसली. "हे बघा, माझी जबरदस्ती नाय. नसंल बसायचं तर नका बसू. पण लाज वाटते म्हणून घरी राहणार असाल, तर मला ते चालायचं नाय. लाज त्यांना वाटू द्या."

मग त्यानं गणवेश चढवला आणि बूट स्वतः पॉलिश केले.

मैदानात मांडव होता. जखमींच्या रांगेत मोजून खुर्च्या मांडलेल्या. विमलनं घरची लोखंडी खुर्ची आणली होती. ती तिनं रांगेच्या टोकाला, गोटीरामच्या शेजारी ठेवली आणि भिमाजी जाऊन तिच्यावर बसला. मांडवात कुजबूज झाली. साहेब लगबगीनं आले, दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पाहुणे आलेत. हे नंतर बघू."

"नंतर नाय. उठवायचं असंल तर पाहुण्यांच्या समोर उठवा."

साहेब परत माइककडे गेले. नावं सुरू झाली. हात भाजलेला एक, खांदा निखळलेला एक, आणि शेवटी गोटीराम. टाळ्या वाजल्या. पाहुणे शाल घेऊन पुढे आले, पण गोटीराम उठला नाही. काठी मांडीवर आडवी ठेवून तो बसूनच राहिला.

"भिमाजीचं नाव घ्या, साहेब. मग माझं," तो म्हणाला. "एकाच दोराला होतो आम्ही. मी जखमी असंल तर तो पण हाय. तो भित्रा असंल तर मी पण."

मागं बायकांच्या घोळक्यातून मंगलाबाई उभी राहिली, मग मंगळूची बायको, मग बाकीच्याही एकेक करत उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, रुमालानं तोंड पुसलं. मग ते माइकजवळ वाकले.

"जखमी जवान, भिमाजी पगारे."

भिमाजी उठला. पाहुण्यांनी त्याला शाल दिली, त्यानं सॅल्यूट केला, आणि साक्षी पोरांच्या गर्दीतून एवढ्या जोरात टाळ्या वाजवत होती की शेजारच्या बाईनं कानांवर हात ठेवले. विमलचे डोळे वाहत होते, तिनं ते पुसलेही नाहीत. साहेबांनी आभार मानायला सुरुवात केली.

तेवढ्यात मांडवाच्या कडेनं कुसाबाई आली. म्हातारीनं घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल काखोटीला मारलेलं होतं. ते तिनं भिमाजीच्या पलीकडे ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

"अजून एक नाव राहिलंय," ती म्हणाली.

"कुणाचं, आजी?" साहेबांनी विचारलं.

कुसाबाईनं तोंड उघडलं आणि ती थबकली. जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मेल्यावर स्मशानातसुद्धा ते तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. आताही विमल सांगायला पुढे झाली, तर कुसाबाईनं हातानं तिला थांबवलं. ती उठली, माइकपाशी गेली, साहेबांना बाजूला सारलं.

"फकिरा," ती म्हणाली. कर्ण्यातून आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "फकिरा जाधव. बंबाचा ड्रायव्हर. दारूनं मेला म्हणतात सगळे. मी पण तेच म्हणत आले. मी त्येला कधी विचारलं नाय." तिनं माइक साहेबांच्या हातात दिला. "जखमी व्हता तो. आता तुम्ही म्हणा."